पाकोळी वळते तिथे

१

आईचं शिलाई मशीन थांबलं, की थोरली वही मिटून उठायची. दिवेलागण झाल्याची घरातली खूण तीच होती. मशीनची खडखड बंद व्हायची, आई मान मोडत "झालं बाई एकदाचं" म्हणायची, आणि मुलींच्या खोलीच्या छपरात खुसफुस सुरू व्हायची. मग थोरली घरातली दारं लावत फिरायची. हे काम तिचं आहे असं कुणी ठरवलं नव्हतं. पण बाबांना पाकोळ्यांची भीती वाटायची, आईला किळस यायची, आणि धाकटी आजारी होती. उरलं कोण?

पाकोळी म्हणजे झाडाला उलटं लटकणारं मोठं वटवाघूळ नव्हे. ही त्यातली लहान जात. मुठीत मावेल एवढं अंग आणि वाळल्या पानासारखे पंख. हे कुटुंब भाड्याने राहत होतं त्या माडीच्या उतरत्या छपराखाली, लाकडी फळ्यांच्या वरच्या काळोखात, पाकोळ्यांचं अख्खं गोकुळ नांदत होतं. अंधार पडायला लागला की छपराच्या टोकाच्या फटीतून त्या बाहेर पडायच्या. एखादी मात्र वाट चुकायची, आणि फळी नि भिंत यांच्या मधल्या सांदीतून थेट मुलींच्या खोलीत उतरायची.

पहिल्यांदा एक उतरली तेव्हा बाबांनी डोक्यावर बादली घातली होती.

"केसांत अडकेल! काढा तिला कुणीतरी!" बादलीच्या आतून त्यांचा आवाज असा घुमत होता, की घाबरली असेल तर ती पाकोळीच.

"अडकायला तुमच्या डोक्यावर केस आहेत किती?" आई दाराआडून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी जाळीवाल्याला बोलावलं. लोकांच्या खिडक्यांना जाळ्या बसवणं, कबुतरं आणि पाकोळ्या घराबाहेर ठेवणं हा त्याचा धंदा. तो शिडीवर चढला, फळीला कान लावून बराच वेळ थांबला, आणि हात झटकत खाली उतरला.

"वर पिल्लं आहेत. आत्ता फट बुजवली तर आया बाहेर राहतील आणि पिल्लं आत मरतील. वास सुटेल तो वेगळा, आणि आया पिल्लांना शोधत तुमच्या घरभर फिरतील ते वेगळंच. पिल्लं उडायला लागली की मी येतो."

"आणि तोवर?" बाबांनी विचारलं.

"तोवर पाहुणचार करा."

बाबांचा चेहरा बघून त्याला हसू आलं. मग तो थोरलीकडे वळला, कारण तीच एकटी लक्ष देऊन ऐकत होती. "हे बघ बाळ. दिवा बंद करायचा. बाकीच्या खोल्यांची दारं बंद. ही एकच खिडकी सताड उघडी. आणि आपण भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. हलायचं नाही, बोलायचं नाही. ती फिरेल, फिरेल, वाट सापडली की जाईल. तिच्या मागे लागलीस तर मात्र रात्रभर जाणार नाही."

"अंगावर आली तर?" हे अर्थात बाबा.

"साहेब, ती काळोखात डास टिपते. बारीक आवाज काढते, तो कशावर आपटून परत आला की तिला कळतं, इथे काहीतरी आहे. कपडे वाळत घालायची दोरीसुद्धा चुकवते. तुम्ही तर चांगले धिप्पाड आहात."

"आमच्या थोरलीला गप्प उभं राहायला शिकवायला नको," आई म्हणाली. "त्यात तिचा पहिला नंबर."

थोरलीने मान खाली घातली. खरंच होतं ते. वर्गात उत्तर येत असलं तरी तिचा हात वर जायचा नाही. दुकानात समोर कुणी उभं असलं, तर त्याचं होईपर्यंत ती मुकाट्याने थांबायची, आणि मागून आलेले चारजण सामान घेऊन निघून जायचे. तिच्या वाटचं सगळं बोलणं धाकटी बोलायची. धाकटीच्या तोंडाची टकळी उठल्यापासून झोपेपर्यंत चालू असायची, म्हणून तिचं नावच टकळी पडलं होतं. जाळीवाल्याला तिने शिडीवरून उतरूच दिलं नसतं. पाकोळी दात घासते का, पिल्लू पडलं तर कोण उचलतं, तुम्हाला कधी चावली का, तुम्ही रडलात का.

पण त्या दिवशी ती पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून होती. काही विचारलं नाही तिने.

२

तिचा ताप उतरून बरेच दिवस झाले होते. ताप होता तेव्हा सगळ्या घराने श्वास रोखून धरला होता. तो गेला तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता नुसता अशक्तपणा आहे. येईल हळूहळू ताळ्यावर." आईने मशीनवर डोकं टेकून रडून घेतलं आणि सगळे वाट बघायला लागले.

धाकटी ताळ्यावर येईना. दूध दिलं तर प्यायची, नाही दिलं तर मागायची नाही. "हो" आणि "नको" एवढे दोनच शब्द उरले होते तिच्याकडे. डोळे उघडे असायचे, पण त्या डोळ्यांच्या आत कुणी उभं आहे असं वाटायचं नाही. थोरली तिच्या शेजारी बसून शाळेतल्या गमती सांगायचा प्रयत्न करायची. तिला ते जमायचं नाही. गमती सांगणं हे टकळीचं काम होतं. थोरलीला फक्त हसता येत होतं, आणि एकटीने हसायचं तरी कसं? आपली टकळी परत यावी, एवढंच तिला हवं होतं. परीक्षेतले मार्क, नवी पुस्तकं, दुसरं काहीही मागायला ती तयार नव्हती.

अशाच एका संध्याकाळी तिला ते पहिल्यांदा दिसलं.

नेहमीप्रमाणे तिने दिवा बंद केला, खिडकी उघडली, आणि भिंतीला टेकून उभी राहिली. डोळे सरावल्यावर खोली हळूहळू उमटली. दोन पलंग. कोपऱ्यात कपाट. खिडकीच्या बाजूला टकळीचं चित्रं काढायचं टेबल, त्यावर रंगीत खडूंचा डबा. मधे मोकळी जमीन. खिडकीचा राखाडी चौकोन, आणि त्या उजेडातून येणारी-जाणारी पाकोळी. तिच्या पंखांचा आवाज जेमतेम, कुणी रुमाल झटकावा तेवढाच.

ती गोल गोल फिरत होती. कपाटापाशी आली की वळायची. थोरलीच्या कानाजवळून जायची तेव्हा गार हवेची एक झुळूक लागायची, पण स्पर्श नाही. हे रोजचंच. पण खिडकीजवळ, टेबलाच्या अलीकडे, जिथे नुसती जमीन होती, तिथेही ती वळली. एकदम, झटक्यात, कपाटापाशी वळते तशीच.

पुढच्या फेरीला पुन्हा. त्याच्या पुढच्या फेरीलाही.

मग तिला खिडकी सापडली आणि ती निघून गेली. थोरलीने दिवा लावला. तिथे काही नव्हतं.

३

थोरली घाबरट नव्हती. लाजरी असणं वेगळं आणि घाबरट असणं वेगळं, हे लोकांना कळत नाही. ती विचार करणारी मुलगी होती, आणि तिने विचार केला.

कोळ्याचं जाळं असेल. तिने खुर्चीवर चढून हात फिरवला. बोटांना काही लागलं नाही. वारा येत असेल. तिने कागदाची बारीक पट्टी कापून तिथे धरली. पट्टी हलली नाही. पंख्याचं म्हणावं, तर उतरत्या छपरामुळे त्या खोलीत पंखाच नव्हता. मग तिने खुर्चीच त्या जागी ठेवून दिली. म्हणजे आता पाकोळी वळली तरी त्याला कारण असेल, आणि आपल्याला शांत झोप लागेल.

दुसऱ्या संध्याकाळी पाकोळीने खुर्ची चुकवली. खुर्चीच्या पलीकडे, टेबलापाशी, चित्रं काढायला जिथे बसायचं त्या जागेवर, आणखी एक गोष्ट तिने चुकवली.

थोरली भिंतीला आणखी चिकटली. टेबलावरच्या डब्यात खडू एकमेकांना लागावेत तसा अगदी बारीक आवाज झाला. की झाला नाही? छपरात पिल्लं चिकचिक करत होती. असे आवाज कुठूनही येतात, असं तिने स्वतःला सांगितलं.

शाळेतून येताना एका औषधाच्या दुकानावर जाळीवाला शिडीवर चढलेला दिसला. थोरली खाली उभी राहिली. तो बघेल म्हणून थांबली. तो बघेना. शेवटी त्यालाच काहीतरी जाणवलं असावं.

"अरे! काय म्हणतात पाहुणे?"

"काका..." तिने खाकरून घेतलं. "मोकळ्या जागेत पाकोळी वळते का?"

"मोकळ्या म्हणजे?"

"म्हणजे जिथे काहीच नाही."

"तार असेल एखादी. कोळिष्टक असेल."

"नाही. मी हात फिरवून बघितलं."

तो तोंडात स्क्रू धरूनच हसला. "मग तुझ्या हाताला जे लागलं नाही ते तिला लागलं असेल. ती उगाच कशाला वळेल? तिला काय नाच करून दाखवायचाय?" आणि स्क्रू जागेवर लावत पुढे म्हणाला, "पिल्लं मोठी झाली असतील आता. येतो लवकरच."

घरी येताना ते एकच वाक्य तिच्याबरोबर चालत राहिलं. ती उगाच कशाला वळेल?

४

तिने बाबांना सांगितलं. बाबा बस डेपोत कामाला होते. त्या दिवशी ते तिथल्या कुणाचं तरी हेल्मेट मागून घेऊन आले, आणि दिवा बंद केल्यावर ते घालून तिच्या शेजारी उभे राहिले. पाकोळी आली, फिरली आणि गेली. थोरलीने दिवा लावला.

"दिसलं?" थोरलीने विचारलं.

"काय दिसणार? अंधार होता."

"डोळे उघडे होते का तुमचे?"

बाबांनी हेल्मेट काढलं. "या हेल्मेटची काच फार धुरकट आहे," ते म्हणाले.

आणि तेव्हा पलंगावरून आवाज आला, "बादलीच बरी होती."

दोघंही थबकले. टकळी होती ती. क्षणभरच तिचे डोळे चमकले, ओठांचा कोपरा वर गेला. आई धावत आली, "काय म्हणालीस? पुन्हा म्हण, बाळा," पण तोवर ती पुन्हा भिंतीकडे वळली होती. तरी आई दुसऱ्या दिवशी दिवसभर तेच सगळ्यांना सांगत राहिली. पोरगी बोलली. चक्क बापाची थट्टा केली.

थोरलीलाही आनंद झाला. पण त्या संध्याकाळी पाकोळी कुठे वळली ते तिने पाहिलं होतं. टेबलापाशी नाही. टेबल आणि पलंग यांच्या मधोमध.

त्यानंतर ते पुढे पुढेच येत गेलं. रोज नाही. कधी दोन-तीन संध्याकाळी एकाच जागी, मग अचानक एक पाऊल पलंगाकडे. ते किती उंच आहे, याचाही तिला अंदाज आला. पाकोळी कधी बाजूने वळायची, तर कधी वर चढून त्याच्यावरून जायची, आणि वर चढायची ती थोरलीच्या खांद्याएवढी. म्हणजे ते फार मोठं नव्हतं. पण लहान गोष्टींची भीती वाटत नाही असं थोडंच आहे?

आईला सांगायला गेली तर आई तोंडात दोरा धरून म्हणाली, "अशी एकटक बघत बसलीस तर भिंतसुद्धा चालायला लागेल. परीक्षा आलीय, जरा झोपत जा नीट."

थोरली झोपायची. झोपण्याआधी मात्र आपला पलंग ओढून धाकटीच्या पलंगाला लावायची. मधे फट राहू नये म्हणून उशी कोंबायची. धाकटी थोडी थोडी सुधारत होती. एकदा तिने आपणहून टोस्ट मागितला. एकदा विचारलं, "ताई, पाकोळीची आई तिला हाका मारते का?" थोरलीने तिला जवळ घेतलं. हा बरा झालेला जीव. आणि ते इतकं जवळ आलेलं. त्याला काय हवंय, हे सांगायला कुणाची गरज नव्हती. ते पलंगाकडे येत होतं, आणि पलंगावर टकळी होती.

५

ज्या संध्याकाळी पाकोळी पलंगाच्या कडेवर वळली, त्या संध्याकाळी थोरलीने ठरवलं.

ते उशीपासून हातभर अंतरावर होतं. धाकटी उताणी झोपली होती, आणि अंधारातही तिचं तोंड किंचित उघडं दिसत होतं. पाकोळी आली आणि पलंगाच्या अगदी काठावरून, वाकलेल्या कशालातरी चुकवावं तशी, वर चढून गेली.

वाकलेलं. ते तिच्यावर वाकलं होतं.

थोरलीने आपल्या पलंगावरची चादर ओढली. दोन्ही हातांत तिची टोकं धरून पसरली आणि ती मधे शिरली, पलंग आणि ते यांच्या मधे. चादरीला काही लागलं नाही. पाकोळी समोरून आली, वळली. चादरीच्या पुढे, हातभर. म्हणजे ते मागे सरलं होतं. थोरलीने एक पाऊल टाकलं. पाकोळी पुन्हा फिरून आली आणि आणखी पुढे वळली. कोंबड्या खुराड्याकडे हाकाव्यात तशी ती चादर पसरून पुढे पुढे जात राहिली, पलंगापासून टेबलाकडे, टेबलापासून खिडकीकडे. ओठ घट्ट मिटलेले. न बोलता करायचं काम होतं ते, आणि न बोलता करायची कामं तिला जमायची.

खिडकीपाशी ते थांबलं. पाकोळी चौकटीसमोर तीनदा आली आणि तीनदा वळली, बाहेर जायची वाट कुणी अडवून धरली असल्यासारखी.

"नको ना, ताई," कुणीतरी म्हणालं.

झोपेत बरळतेय बिचारी, असं थोरलीच्या मनात आलं. तिने मागे पाहिलंसुद्धा नाही. चादर आणखी ताणून तिने शेवटचं पाऊल टाकलं.

पाकोळी सरळ बाहेर गेली.

थोरलीने दोन्ही दारं ओढून खिडकी लावली, कडी घातली, आणि खाली जमिनीवर बसून चादरीत तोंड खुपसून रडली. भीतीने नाही. घरात पहिल्यांदाच एखादी मोठी गोष्ट तिने एकटीने केली होती.

६

सकाळी धाकटी उठून बसली होती.

नुसती बसली नव्हती. तिने पांघरुणाची घडी घातली होती, केस विंचरले होते. आईने दूध आणलं तर पेला रिकामा करून स्वतः नेऊन ठेवला. बाबा डेपोत जायला निघाले तर दारापर्यंत गेली. आई हातातलं काम टाकून तिच्याकडे बघतच राहिली. डॉक्टरीणबाईंनी डोळे तपासले, जीभ बघितली, पाठीवर थाप मारली. "मी म्हटलं नव्हतं? आली की नाही ताळ्यावर!"

घराला पंख फुटले. बाबा चालता चालता गाणं गुणगुणायला लागले. आईने कापडाच्या उरलेल्या तुकड्यांतून तिला नवा झगा शिवला. धाकटीने तो घातला आणि म्हणाली, "छान झालाय. थँक यू, आई."

"बघ, आजारपणाने किती शहाणी केली पोरीला," आई कौतुकाने म्हणाली.

थोरलीही सगळ्यांबरोबर हसली. पण बघायची तिची सवय जाईना. टकळी भिंतीवर पाय टेकवून, वाकडीतिकडी झोपायची. आता ती सरळ झोपत होती, हात अंगालगत. कुणी विनोद केला की ती हसायची, पण सगळे हसायला लागल्यावर, जरासं मागून. विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला नीट उत्तर द्यायची. तिचा स्वतःचा प्रश्न मात्र त्या सकाळपासून एकही आला नव्हता.

खडूंचा डबा तिने आवरून कपाटात ठेवून दिला.

आजारपणानंतर माणूस बदलतं, थोरलीने स्वतःला समजावलं. आणि बदलून शहाणं झालं तर त्यात वाईट काय? संध्याकाळी आता ती खिडकीची फक्त वरची झडप उघडायची. पाकोळीला तेवढी पुरे, दुसऱ्या कशाला आत यायला नको. पाकोळ्या मोकळ्या जमिनीवरून सरळ जायच्या. खोलीच्या मधे काही उरलं नव्हतं.

मग जाळीवाला आला. पिल्लं उडायला लागली होती. छपराच्या टोकाच्या फटीवर त्याने एक लांब कापडी बाही लावली. "आतली यातून घसरत बाहेर जाते. परत यायला गेली तर कापड चिकटून बसतं, आत शिरता येत नाही. आज सगळ्या जातील. उद्या सकाळी येऊन फट बुजवतो, आणि तुमच्या या खिडकीला बारीक जाळी ठोकतो. मग बाहेरचं काही म्हणजे काही आत यायचं नाही."

"देवासारखे आलात," बाबा म्हणाले.

धाकटी तिथेच उभी होती, हात मागे बांधून. जाळीवाल्याने तिला विचारलं, "काय गं, आता जाणार बरं का तुझे पाहुणे. वाईट वाटतं?"

"नाही, काका," ती म्हणाली. गोड आवाजात, लगेच.

७

शेवटच्या संध्याकाळी एक पाकोळी तरीही खोलीत उतरली. बहुधा नवं पिल्लू असावं. बाहेर जायच्या गर्दीत चुकून खाली आलेलं.

थोरलीने दार लावलं, दिवा बंद केला, वरची झडप उघडली. धाकटी पलंगाच्या कडेवर बसली होती.

"मी पण बघते, ताई."

"हलू नकोस हं."

"नाही हलणार."

खरंच हलली नाही. पाठ ताठ, दोन्ही हात मांडीवर. मागच्या फिकट भिंतीवर तिचं डोकं, मान, खांदे असे स्पष्ट दिसत होते.

पिल्लाला उडायची नीट सवय नव्हती. ते डगमगत कपाटाकडे गेलं, आणि वळलं. टेबलावरून जाताना थोडं वर चढलं. थोरलीच्या गालाजवळून गेलं, झुळूक लागली. किती लहान, तरी कशालाही थडकत नाही. थोरलीला त्याचं कौतुक वाटलं. मग ते पलंगाकडे गेलं.

आणि वळलं नाही.

थोरलीला वाटलं, तिथे आत्ता आवाज होईल, पंख आपटतील, धाकटी किंचाळेल. काहीच झालं नाही. पिल्लू धाकटीच्या चेहऱ्याच्या एका बाजूने आत गेलं आणि दुसऱ्या बाजूने बाहेर आलं, उघड्या दारातून जावं तसं. धाकटीच्या कपाळावरचा केससुद्धा हलला नाही.

नवं आहे, चुकलं असेल. थोरलीने मोठ्या कष्टाने हा विचार धरून ठेवला. पिल्लू फिरून आलं. कपाट चुकवलं. टेबल चुकवलं. खुंटीला लोंबणारा दप्तराचा पट्टा चुकवला, थोरलीला चुकवलं, आणि पुन्हा सरळ, मधून, पार.

पलंगावर जे बसलं होतं ते तिच्याकडे तोंड करून विचारत होतं, "गेली का?"

थोरलीला चित्रं काढायच्या टेबलापाशी बसलेलं काहीतरी आठवत होतं, तिच्या खांद्याएवढं. बाबांच्या हेल्मेटची थट्टा आठवत होती, आणि ते ज्या ज्या दिवशी एक पाऊल पलंगाकडे आलं होतं, त्या प्रत्येक दिवशी धाकटीला जरा बरं कसं वाटलं होतं ते. पलंगावर वाकून ते आत शिरायला बघत होतं. आपल्याच जागी. तापात कुठे लांब गेलं होतं कोण जाणे. इतके दिवस चालत चालत, एक एक पाऊल टाकत ते परत आलं होतं, आणि उशीपासून हातभर राहिलं असताना तिने चादर पसरली होती.

'नको ना, ताई' हे मागून आलं नव्हतं. पुढून आलं होतं, खिडकीतून.

ती खिडकीवर धावली. कडी अडकली होती. बोटं सोलवटून तिने ती काढली आणि दोन्ही दारं बाहेर ढकलली. पिल्लू तिच्या डोक्यावरून निघून गेलं. खाली रस्त्यावर दिवे लागले होते. एकजण सायकलची साखळी बसवत होता. समोरच्या गच्चीत शेजारीण दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होती. त्यांच्या मधे, भिंतींच्या कडेने, दिव्यांच्या पलीकडे, सगळीकडे मोकळी जागा होती. तिच्यात कुठे काय उभं आहे, हे सांगायला आता एकही पाकोळी नव्हती. आणि उद्या सकाळी जाळी लागणार होती.

थोरलीने तोंड उघडलं. आधी नुसती हवा आली. मग तिचा आवाज फुटला, आणि तो इतका मोठा होता, की तिला स्वतःलाच ओळखू आला नाही.

"टकळी! ए टकळी! वर ये! खिडकी उघडी आहे, वर ये!"

सायकलवाल्याने मान वर केली. शेजारणीच्या हातातला कपडा तसाच राहिला. "काय गं, काय झालं?" तिने विचारलं. पुढच्या खोलीत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, आई "कोण ओरडतंय?" म्हणत यायला निघाली.

"काय गं, ताई?" पाठीमागे, अगदी जवळून, पलंगापेक्षा बरंच जवळून, धाकटीचा आवाज म्हणाला. "मी इथेच आहे."

थोरलीने मागे वळून पाहिलं नाही. कंबरेपर्यंत खिडकीबाहेर वाकून, कठड्याला घट्ट धरून, तिने पुन्हा हाक मारली.